एक कॉम्प्युटर आणि सहा जणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा वाटलं, शाळेच्या आठवणी मागतील. त्यांनी मागितला इतिहास. "आपल्या १९९७ च्या दहावीच्या तुकडीतले बरेच जण पुढे कॉम्प्युटरला गेले. ते कसं घडलं, कॉलेजात काय झालं, ते नीट लिही. सनावळ्या घालून लिही," असं बजावण्यात आलं. इतिहासाच्या बाईंना माझ्या सनावळ्या ठाऊक आहेत. प्लासी आणि पानिपत यांची साल मी प्रत्येक चाचणीत उलटसुलट करायचे. या वेळी मात्र तारखा पुन्हा पुन्हा तपासून घेतल्या आहेत. बाई, आता तरी मार्क द्या.

आपल्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर तुम्हाला आठवत असेल. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारच्या छोट्या खोलीत तो होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड असायचं आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आम्ही आठवीत असताना सरांनी फळ्यावर कीबोर्ड काढला होता आणि आम्ही तो वहीत उतरवून घेतला होता. 'ए' च्या शेजारी 'बी' का नाही, हा प्रश्न अख्ख्या वर्गाला पडला होता. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले होते. ती योजना आपल्या तालुक्यापर्यंत आली नाही. आपल्याकडे आला तो वर्गणीतून घेतलेला कॉम्प्युटर, आणि त्याला हात लावण्याचा मान वर्षातून दोनदा मिळायचा.

१९९९ साली बारावी झाली. तेव्हा राज्यात इंजिनीअरिंगची वेगळी सीईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे मार्क, म्हणजे पीसीएम, यावर प्रवेश व्हायचा. मला ३०० पैकी २७६ पडले. घरात चर्चा झाली ती अशी: मेकॅनिकलला वर्कशॉप, सिव्हिलला उन्हात उभं राहायचं, कॉम्प्युटरला मात्र पंख्याखाली बसून काम. मुलीच्या जातीला बरं. आपल्या गणिताच्या बाई मुद्दाम घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पाठवा, तिचं डोकं त्यात चालेल." वडिलांनी बाईंचं ऐकलं, पण मनातून पटलं होतं ते पंख्याचं. पहिल्याच आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये हातात कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासत उभी होते, कारण पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना अभ्यासक्रम एकच होता. ते घरी कळवलं नाही.

आमच्यासाठी कॉलेज कुठून आलं

आमच्यासारख्या मुलांना इंजिनीअरिंगची जागा मिळाली कशी, हे समजून घ्यायचं तर १९८३ मध्ये जावं लागतं. त्याआधी महाराष्ट्रात इंजिनीअरिंग कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. जागा थोड्या, मागणी मोठी. ज्यांच्या वडिलांकडे पैसे होते ती मुलं देणगी भरून कर्नाटकात जायची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना परवानगी दिली. माळरानांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच राजकारण आणि साखर कारखानदारीतल्या मंडळींनी उभ्या केल्या. यावर टीका खूप झाली आणि तिच्यात तथ्यही होतं. पण त्या इमारती नसत्या तर तालुक्याच्या मुलींना पुण्यात जागा मिळाली नसती, हेही तितकंच खरं.

दुसरी तारीख १९९३ ची. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट' ठरवून दिल्या. फ्री सीटला सरकारी कॉलेजाएवढी फी, पेमेंट सीटला तिच्या कितीतरी पट. दोन्हीकडे प्रवेश गुणवत्तेवर. मी फ्री सीटवर होते. पुढे ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टीएमए पै खटल्याच्या निकालात ही पद्धत मोडीत निघाली, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे फ्री सीट नावाची खिडकी साधारण दहा वर्षं उघडी होती आणि आपली तुकडी बरोबर तिच्यातून आत गेली. आपण हुशार होतो हे खरं, पण वेळेवर जन्मलो होतो हेही विसरू नये.

तिसरं कारण शाखेचं. 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' ही वेगळी पदवी तेव्हा नवीकोरी होती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. मे १९९८ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी आयटीसाठी राष्ट्रीय कार्यदल नेमलं होतं. सन २००० उजाडताना जुने प्रोग्रॅम तारखा चुकवतील म्हणून वायटूकेची कामं जोरात होती. वर्तमानपत्रात रोज आयटी. आमच्या प्रवेशाच्या रांगेत एक काका दुसऱ्यांना विचारत होते, "कॉम्प्युटर आणि आयटीत फरक काय हो?" दुसरे म्हणाले, "आयटीत अमेरिका आहे." चार वर्षं शिकूनही याहून नेमकं उत्तर मला देता आलेलं नाही.

इमारत होती, शाखा होती, मुलं होती. शिकवायला माणसं मात्र नव्हती. ज्याला खरोखर कॉम्प्युटर येत होता त्याला कंपनी कॉलेजच्या कितीतरी पट पगार देत होती, तो शिकवायला का थांबेल? त्यामुळे आम्हाला शिकवणारे अनेकजण आदल्या वर्षी पास झालेले होते. ते प्रामाणिक होते, पण घाबरलेले होते. आमच्या एका मॅडम डेटा स्ट्रक्चर्स शिकवताना आमच्याइतक्याच अस्वस्थ असायच्या. त्या वेळी आम्ही हसलो. आज त्यांचं वय आठवलं की ओशाळायला होतं. त्या बावीस वर्षांच्या होत्या.

कॉलेजातल्या टोळ्या

शिक्षक कमी पडतात तिथे मुलं एकमेकांकडून शिकतात. आमच्या कॉलेजात त्यासाठी बऱ्याच टोळ्या होत्या, आणि तुम्ही कुठल्या टोळीत जाता यावर तुमचं शिक्षण ठरायचं.

सगळ्यात वर होत्या अधिकृत संस्था. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची विद्यार्थी शाखा, टेक-फेस्टची समिती, कॉलेजच्या मासिकाचं संपादक मंडळ. दुसरीकडे नाटकवाले. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी ते ऑगस्टमध्ये असे गायब व्हायचे की त्यांची हजेरी थेट सप्टेंबरात लागायची. एनएसएसवाले होते, गॅदरिंगवाले होते. आणि सगळ्यात खाली, कुठल्याही फलकावर नाव नसलेले जिल्ह्यांचे ग्रुप: नगरवाले, नाशिकवाले, लातूरवाले. मेसमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं यावरून ते कळायचं.

मी आधी वरच्या टोळीत जायचा प्रयत्न केला. टेक-फेस्टच्या समितीसाठी मुलाखत होती. 'टेल अस अबाउट युवरसेल्फ' असं विचारल्यावर मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबले. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या मुलीला वाक्य तयार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ समोरच्याकडे नव्हता. मला 'हॉस्पिटॅलिटी'त घेतलं. दोन दिवस मी पाहुण्यांच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि एकाही स्पर्धेच्या हॉलमध्ये गेले नाही. समितीतली मुलं वाईट नव्हती. त्यांना प्रश्नच पडला नव्हता.

मला सावरलं ते हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका लातूरच्या ताईने. ती तिसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर तिच्या भाषेत अर्थ. 'पॉइंटर: घर नाही, घराचा पत्ता. पत्ता चुकला तर दुसऱ्याच्या घरात शिरशील.' 'स्टॅक: मेसमधल्या ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं.' 'क्यू: त्याच मेसची रांग.' ही वही तिलाही तिच्या आधीच्या कुणीतरी दिली होती. पहिली वीस पानं वेगळ्या अक्षरात होती.

वहीत फक्त कॉम्प्युटर नव्हता. शेवटच्या काही पानांवर व्यवहार होता. एक्स्टर्नल ओरलला काय विचारतात. कुठल्या सरांकडे सही घ्यायला कधी जायचं. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर. केटी किती लागल्या तर इयर डाऊन होतं. आणि एक ओळ लाल शाईत: 'टर्म ग्रँट झाली नाही तर रडत बसू नये, अर्ज करावा.'

या ओळीकडे मी परत येणार आहे.

दोन तास चाळीस मिनिटं

दुसऱ्या वर्षी, २००० च्या ऑगस्टमध्ये, आम्ही सहा जणींनी मिळून कॉम्प्युटर घेतला. असेंबल केलेला पीसी ३३,००० ला पडत होता. प्रत्येकीने घरून ५,५०० आणले. दोघींच्या घरी ते हॉस्टेलच्या फीमध्ये घालून सांगितले गेले. रेक्टर मॅडमनी विजेचे जादा पैसे घेऊन परवानगी दिली.

इंजिनीअरिंगच्या मुली असल्यामुळे आधी वेळापत्रक बनवलं. दिवसाचे २४ तास, वजा कॉलेजचे ८, राहिले १६. भागिले सहा. प्रत्येकीला २ तास ४० मिनिटं. पाळी रोज पुढे सरकणार, म्हणजे मध्यरात्रीची पाळी एकीच्याच वाट्याला सारखी येणार नाही. कागद भिंतीवर लावला. तो पंधरा दिवस टिकला.

कारण असं झालं, की जिची पाळी असे तिच्या मागे बाकीच्या उभ्या राहत. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मांडीवर उघडं असे. नागपूरच्या माणसाने लिहिलेलं हे पुस्तक १९९१ पासून आमच्यासारख्यांचा आधार होतं, कारण त्यातलं इंग्रजी आमच्याशी बोलायचं. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर एकजण टाइप करी आणि पाचजणी ओरडत, "सेमीकोलन!" लवकरच लक्षात आलं की मागे उभी असलेली जास्त शिकते. तिचे हात मोकळे असतात, त्यामुळे डोकं चालतं. मग वेळापत्रकाचा कागद काढला आणि नियम केला की जिला प्रोग्रॅम येतो तिने टाइप करायचं नाही. जिला येत नाही तिने टाइप करायचं आणि बाकीच्यांनी तिला विचारत राहायचं.

आज मोठ्या कंपन्यांत 'पेअर प्रोग्रॅमिंग' नावाने हेच शिकवतात. आम्ही ते एका खुर्चीच्या टंचाईतून शिकलो.

नंतर वाचताना कळलं की आपल्या देशातला कॉम्प्युटरच असा शिकला गेला आहे. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही तरुण देशातला पहिला मोठा कॉम्प्युटर बांधायला बसले. त्यांचे प्रमुख आर. नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कुणी कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता. ते एकमेकांना विचारत, नियतकालिकं वाचत पुढे गेले. १९५६ मध्ये लहान नमुना चालू झाला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. त्याला पुढे 'टिफ्रॅक' असं नाव मिळालं. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी तो कुलूपबंद ठेवला नाही. बाहेरच्या शिक्षकांना, शास्त्रज्ञांना बोलावून थोड्या दिवसांचे वर्ग घेतले. त्यांतल्या व्ही. राजारामन यांनी १९६९ मध्ये फोरट्रानवर विद्यार्थ्यांना परवडेल असं पुस्तक काढलं आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचं मूळही कॉम्प्युटर वापरणाऱ्या मोजक्या लोकांच्या गटात होतं, आणि तिचे पहिले अध्यक्ष तेच नरसिंहन. जिच्या कॉलेजातल्या शाखेची दारं मला बंद वाटली, ती संस्था सुरू झाली होती ती 'मला अडलंय, तुला येतं का' एवढ्याच गरजेतून.

हे मला तेव्हा माहीत असतं तर मी बाटल्या ठेवून झाल्यावर हॉलमध्ये जाऊन बसले असते.

जो मागे राहिला

आता त्या लाल शाईच्या ओळीकडे येते. हा भाग लिहावा की नाही, याचा मी महिनाभर विचार केला.

आपल्या वर्गातला एकजण माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्षी होता. नाव लिहीत नाही. दहावीला तो माझ्या पुढे होता. मुलांच्या हॉस्टेलमध्ये जागा संपली होती, म्हणून तो कॉलेजपासून चार किलोमीटरवरच्या एका खोलीत राहायचा. खोलीतले बाकीचे दोघे वेगवेगळ्या कॉलेजांचे. म्हणजे त्याला ना सीनिअर, ना मेसचं टेबल, ना वही.

मार्च २००० मध्ये पहिल्या वर्षाचं सबमिशन चालू होतं. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या माझ्या चार शीट अपुऱ्या होत्या आणि सरांनी सांगितलं, टर्म ग्रँट होणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही. मी खोलीत येऊन रडायला लागले. ताईने वहीतली ओळ दाखवली आणि सांगितलं, "साध्या कागदावर अर्ज लिही. कारण खरं लिही. एचओडींना सकाळी साडेनऊला भेट, जेवणानंतर नको. चार दिवसांत पूर्ण करून दाखवते म्हण." मी तसंच केलं. एचओडींनी मान वर न करता सही केली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

त्याच दिवशी दुपारी कॉरिडॉरमध्ये तो दिसला. हातात शीटची गुंडाळी होती. मी माझ्या नव्या मैत्रिणींबरोबर होते. मी विचारलं, "झालं का सबमिशन?" तो म्हणाला, "होईल." मी पुढे गेले. थांबले नाही याचं कारण आज लिहून टाकते. त्याच्याशी मी आपल्या गावच्या बोलीत बोलायचे आणि मैत्रिणींसमोर ती बोली मला नको होती. नुकतीच कुठे मी एका टोळीत शिरले होते.

त्याची टर्म ग्रँट झाली नाही. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी घरची फी भरण्याची ऐपत उरली नव्हती. २००१ मध्ये तो गावी परत आला. मला ते दिवाळीच्या सुट्टीत आईकडून कळलं.

हा लेख लिहायच्या आधी त्याला फोन केला. पंचवीस वर्षांत आम्ही या विषयावर एकदाही बोललो नव्हतो. मी घडलेलं सगळं सांगितलं, कॉरिडॉरसकट. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ड्रॉइंग मला येत होतं गं. प्रोजेक्शन डोळ्यांसमोर उभं राहायचं. शीट तर पूर्ण झाल्याही होत्या, फक्त उशिरा. अर्ज करता येतो हेच माहीत नव्हतं." मी म्हटलं, लेखात लिहू का? म्हणाला, "लिही. नाव घालू नकोस. तसंही सगळ्यांना कळेलच." मग हसला. तो आज काय करतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याने बांधून दिलेल्या घरांत आपल्यापैकी निदान तिघेजण राहतात आणि त्यांचे नकाशे तो अजून हाताने काढतो.

त्याचं आयुष्य वाया गेलं असं मला अजिबात म्हणायचं नाही, आणि त्यालाही तसं वाटत नाही. पण तो गेला त्याचं कारण बुद्धी नव्हती, गणित नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. एका अर्जाची माहिती नव्हती. ती माहिती माझ्याकडे होती.

मंदी आणि त्यानंतर

आम्ही पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट घासत होतो तेव्हाच, १० मार्च २००० रोजी, अमेरिकेत नॅस्डॅकचा निर्देशांक शिखरावर पोचून खाली यायला लागला होता. हॉस्टेलमध्ये कुणाला त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये मात्र आमच्या सीनिअर मुलामुलींची नेमणूकपत्रं लांबणीवर पडायला लागली. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. कॅम्पसवर कंपन्या येईनाशा झाल्या. 'आयटीत अमेरिका आहे' म्हणणारे काका बरोबर होते. तिकडे पाऊस थांबला की इकडे दुष्काळ.

जून २००३ मध्ये आम्ही सहाही जणी पास झालो, नोकरी एकीलाही नव्हती. पीसी विकून पैसे वाटून घ्यायचे ठरलं होतं. तो विकला नाही. कोथरूडला एका खोलीत सगळ्या राहिलो आणि त्याच पीसीवर सहा बायोडेटा बनवले. जी मुलाखतीला जाऊन येई ती आल्या आल्या विचारलेले प्रश्न वहीत लिही, तेच ताईने तिसऱ्या वर्षाला जाताना मला देऊन टाकलेल्या वहीत. सातव्या महिन्यात एकीला एका छोट्या कंपनीत ६,००० रुपयांवर काम मिळालं. तिने दोघींची नावं सांगितली. मग त्या दोघींनी आणखी दोघींची. मी शेवटची. एप्रिल २००४. माझ्या मुलाखतीतले निम्मे प्रश्न वहीत होते.

यात माझं कर्तृत्व किती, हा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. अभ्यास माझा. मार्क माझे. बाकी जागा मिळाली ती एका निकालामुळे, टिकले ती एका वहीमुळे, नोकरी लागली ती पाच मैत्रिणींमुळे. आणि मुळात पाठवलं ते बाईंमुळे.

आता काय

आपल्या शाळेतून आजही दरवर्षी मुलं-मुली इंजिनीअरिंगला जातात. त्यांच्यासाठी काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. २०२१-२२ पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांत इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. कॉम्प्युटर प्रत्येकीच्या हातात आहे. सहा जणींनी ५,५०० रुपये काढायची वेळ आता येत नाही.

तरी गेल्या वर्षी शाळेत बोलायला आले होते तेव्हा पुण्याला गेलेल्या एका मुलीची आई भेटली. मुलगी पहिल्या सेमिस्टरनंतर घरी येऊन बसली होती. मी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "तिला तिथं कुणी बोलायलाच नाही." मोबाइलमध्ये सगळं असतं, पण आपल्या कॉलेजच्या कुठल्या खिडकीवर कुठला अर्ज द्यायचा आणि ते साहेब साडेनऊला भेटतात की जेवणानंतर, हे त्यात नसतं. ते माणसालाच विचारावं लागतं. आणि विचारायला तो माणूस आपला वाटावा लागतो.

म्हणून या मेळाव्यात एक छोटा ठराव मांडते. देणगीचा नाही, घाबरू नका. दर जूनमध्ये आपल्या शाळेची कोण मुलं-मुली कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेला गेली, याची यादी करायची. त्या शहरात किंवा त्या क्षेत्रात आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जो असेल त्याचं नाव त्या नावासमोर लिहायचं. त्याने पहिल्या वर्षात चार फोन करायचे: प्रवेशानंतर एक, पहिल्या चाचणीनंतर एक, सबमिशनच्या आठवड्यात एक, निकालाला एक. "झालं का?" असं विचारायचं, आणि "होईल" असं उत्तर आलं तर फोन ठेवायचा नाही.

यादी ठेवायला गावातलाच माणूस हवा. मी त्याला विचारलं. आधी म्हणाला, "मी तर शिक्षण अर्धवट सोडलेला, मी काय सांगणार?" मी म्हटलं, कुठे अडतं हे तुझ्याइतकं आपल्यात कुणाला माहीत आहे? तो हो म्हणाला आहे. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी तो वही घेऊन बसेल. आपापली नावं, फोन नंबर, शहर आणि क्षेत्र लिहून द्या. कॉम्प्युटरवाल्यांनीच असं नाही. नर्सिंगवाले, बँकवाले, शेतीवाले, सगळे.

गणिताच्या बाईंचं नाव पहिल्या पानावर लिहायचं असं आम्ही ठरवलं आहे. त्यांनी तेवढी परवानगी द्यावी.